चातुर्मासात एक विज्ञान कादंबरी

व्यापारी जैन घरात पुस्तकांच्या जागा ठरलेल्या असतात. स्वाध्यायाच्या चौरंगावर धर्मग्रंथ, गल्ल्याशेजारी खातेवही आणि मुलांच्या टेबलावर अभ्यासाची पुस्तके. यांच्यामध्ये कादंबरीला कोपरा मिळणे कठीण. त्यातून ती विज्ञान कादंबरी असेल, तर 'पोराटोरांचे वाचन' म्हणून ती बाजूलाच राहते. वास्तविक आज तिची खरी गरज याच घराला आहे.

आकुर्डीचेच उदाहरण घ्यावे. 1972 साली बाजारात आलेली चेतक स्कूटर ही येथील बजाज कारखान्याची ओळख होती. 2007 मध्ये त्या कारखान्यातील वाहननिर्मिती थांबली आणि जून 2022 मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. नाव तेच, परंतु नव्या गाडीत कार्बोरेटर नाही, स्पार्क प्लग नाही, इंजिन ऑइलही नाही. ज्यांच्या दुकानातील फळ्या याच वस्तूंनी भरलेल्या आहेत, त्यांच्यासाठी भविष्यकाळ हा केवळ कल्पनेचा विषय उरलेला नाही.

येथील साठी ओलांडलेले एक दुकानदार गेल्या चातुर्मासात अशाच विवंचनेत होते. सुट्या भागांचा मोठा साठा स्वस्तात मिळत होता. तो घ्यावा असे मुलाचे मत होते. चौविहारामुळे संध्याकाळ मोकळी असे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीने डॉ. जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, माल भरताना तुम्ही पुढच्या दिवाळीचा अंदाज बांधताच ना? हे पन्नास वर्षांचा बांधतात, एवढाच फरक."

लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा उत्खननात सापडतो आणि त्यातील ज्ञानाच्या आधारे वामन नावाचे विचार करणारे यंत्र घडते, अशी ही कथा. वाचता वाचता आजोबांना रक्षाबंधनाला ऐकलेली विष्णुकुमार मुनींची कथा आठवली. मुनींनी तीन पावले जमीन मागितली ती साधुसंघाच्या रक्षणासाठी. मग यंत्राला आपण पहिले पाऊल ठेवू देतो, ते कोणाच्या रक्षणासाठी? या प्रश्नाने त्यांना दोन रात्री झोप लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी साठ्याचा हिशेब पुन्हा मांडला आणि त्यात एक नवा रकाना आखला: वीस वर्षे दुकानात राबणाऱ्या दोन माणसांचे पुढे काय? साठा घेतला नाही. वाचलेल्या रकमेतून त्या दोघांपैकी एकास विजेच्या गाड्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण घेण्यास पाठविले. मुलाची नाराजी अद्याप पुरती गेलेली नाही. आजोबांचा निर्णय व्यवहारात बरोबर ठरेल की नाही, हे काळच सांगेल. मात्र नफ्याच्या गणितात माणूस मोजला गेला, हे त्या वाचनाचे फळ.

कल्पित कथा वाचणे हा प्रमाद आहे, अशी शंका कोणी घेईल. परंतु जैन आचार्यांनी कथेला कधी परके मानले नाही. उद्योतनसूरींनी 779 मध्ये रचलेली प्राकृत 'कुवलयमाला' ही कथाच आहे आणि तिच्यात मरहट्ट व्यापाऱ्यांच्या बोलीचीही नोंद आढळते. कथा रंजनापाशी थांबते की विवेकापर्यंत नेते, एवढेच पाहावयाचे.

नव्या वाचकाने प्रारंभ नारळीकरांपासून करावा. त्यांची पहिली विज्ञानकथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने गेली व पहिली आली. ज्यांचा सारा हिशेब संगणकावर आहे, त्यांनी त्यांची 'व्हायरस' वाचावी. परग्रहाशी जुळणाऱ्या नात्याचे कुतूहल असेल, तर 'प्रेषित'. लहानांसाठी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा आहेत. इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांनी एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' (1895) घ्यावी. तिच्यातील दूरच्या भविष्यात ऐषारामाने दुबळे झालेले एक कुळ जमिनीवर राहते आणि यंत्रे सांभाळणारे दुसरे जमिनीखाली. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे चित्र एकदा तरी डोळ्यांपुढे आणावे. त्यानंतर आयझॅक अॅसिमॉव्हची 'द केव्हज ऑफ स्टील' (1954): यंत्रमानवांमुळे काम जाण्याची धास्ती असलेल्या शहरात एका माणसाला यंत्रमानवासोबतच खुनाचा तपास करावा लागतो.

यांतील एकच पुस्तक घ्यावे आणि घरातील तीन पिढ्यांनी ते आळीपाळीने वाचावे. तिघांची मते जुळणार नाहीत; अनेकान्त मानणाऱ्या घराला त्याचे भय नसावे. दुकान पुढे कोणी आणि कसे चालवावयाचे, हे बोलणे अनेक घरांत वर्षानुवर्षे तुंबलेले असते. पुस्तकाच्या निमित्ताने ते मोकळे झाले, तर त्याची किंमत वसूल झाली.