ढलप्यांची बेगमी

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, डोंगरउतारावरच्या आमच्या घरात, ओतीव लोखंडाचा लाकडावर चालणारा स्टोव्ह आहे. ऑक्टोबरात तो पेटतो आणि एप्रिल सरेपर्यंत त्याची गरज लागते. जानेवारीत पारा कधी कधी उणे २५ अंशांपर्यंत उतरतो. हिमवादळात तारा तुटून वीज जाते, तेव्हा घर ऊबदार राहतं ते या स्टोव्हमुळेच.

इथे शेजारीपाजारी भेटले की उन्हाळ्यातही लाकडाच्या गोष्टी निघतात. कोणी किती कॉर्ड घेतलं, ते किती वाळलं, हाच विषय. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब अशी रचलेली चळत म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. मेपल, बीच, पिवळा बर्च अशी जड लाकडं त्यात असतात. ती सावकाश जळतात आणि रात्रभर निखारा धरतात. पण काडी लावून ती पेटत नाहीत. त्यांना पेटवायला बारीक, कोरड्या ढलप्या लागतात, आणि माझ्या मते हिवाळ्याची खरी तयारी या ढलप्यांपासून सुरू होते.

यामागे धुराड्याचं कारण आहे. थंड धुराड्यात गार हवा साचलेली असते, त्यामुळे धुराला वर जायला ओढ मिळत नाही. अशा वेळी जाड लाकूड नुसतं धुमसतं. त्या धुरातला डांबरासारखा चिकट अंश धुराड्याला आतून लागत जातो. त्याला क्रिओसोट म्हणतात. त्याचा थर वाढला आणि कधी पेटला, तर धुराड्यातच आग लागते. भरपूर ढलप्यांचा जाळ सुरुवातीलाच धुराडं तापवतो, ओढ बसते आणि धूर कमी होतो.

माझं माहेर राजापूरकडचं. मे महिन्यात आई पावसाळ्याची बेगमी करायची तेव्हा जाड लाकडं मांगरात जायची. नारळाची सोडणं, करवंट्या आणि काटक्या मात्र चुलीच्या वरच्या माळ्यावर, वेगळ्या. भर आषाढात चूल पेटायची ती त्या माळ्यावरच्या जिनसांवर. जाड आणि बारीक जळण वेगळं ठेवायचं, हे मी तिच्याकडून घेतलं. बाकीचं इथल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी शिकवलं.

ढलप्यांसाठी मी पाइन किंवा सीडर घेते. ही हलकी लाकडं लवकर वाळतात आणि चटकन पेट घेतात. तुकडा सरळ रेषांचा आणि बिनगाठीचा निवडायचा, म्हणजे तो सरळ चिरतो. साधारण फूटभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड ढलपी चांगली. चिरताना हाताने तुकडा धरून वरून घाव घालायचा नाही. हातकुऱ्हाडीची धार तुकड्यावर टेकवायची, दोन्ही एकदम उचलायची आणि ओंडक्यावर आपटायची. अलीकडे मी ओतीव लोखंडाचं एक साधन वापरते. कड्याच्या आत पातं उभं असतं. त्यावर लाकूड ठेवून वरून हातोडा मारायचा. न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या मुलीने शाळेत असताना ते तयार केलं. तिच्या आईचं बोट ढलप्या काढताना कापलं होतं. आता ढलप्या काढताना माझी बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत.

हे काम मी जुलै-ऑगस्टात उरकते. ऊन कडक असतं आणि बारीक लाकूड त्यात लवकर सुकतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. तो मोजायचं छोटं यंत्र मिळतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक, खणखणीत आवाज येतो, तीही कोरडेपणाची खूण आहे.

वाळलेल्या ढलप्या जाळीच्या पोत्यांत आणि फटी असलेल्या क्रेटमध्ये भरून शेडमध्ये ठेवते. पुठ्ठ्याची खोकी ओल शोषतात आणि बंद प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, म्हणून दोन्ही टाळते. क्रेट जमिनीपासून उंच, फळ्यांवर असतात. वरून छप्पर, बाजू वाऱ्याला मोकळ्या. तळघरात साठा करत नाही, कारण लाकडाबरोबर किडे आणि ओल घरात येते. एक-दोन दिवसांपुरत्या ढलप्याच आत आणते आणि त्या स्टोव्हपासून तीन फूट तरी लांब ठेवते. पडलेल्या पांढऱ्या बर्चची साल मिळाली तर तीही जपून ठेवते. तिच्यात तेल असल्याने ती ओलसर असली तरी पेटते. जिवंत झाडाची साल मात्र कधीही सोलू नये, त्याने झाडाला इजा होते.

पेटवताना मी जाड लाकडं तळाशी, त्यावर मध्यम आणि सगळ्यांत वर आडव्या-उभ्या ढलप्या रचते. काडी वरून लावते. जाळ हळूहळू खाली उतरतो आणि खालून उठणारा धूर त्या ज्वाळेतच बराचसा जळून जातो.

ढलप्या जास्त खपतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये. कडाक्याच्या थंडीत स्टोव्ह विझतच नाही, सकाळी निखाऱ्यांवर नवं लाकूड ठेवलं की झालं. पण ऋतूच्या दोन्ही टोकांना दुपारी ऊन पडतं, स्टोव्ह विझतो आणि संध्याकाळी पुन्हा पेटवावा लागतो. म्हणून साठ्यातला मोठा वाटा मी वसंतासाठी मागे ठेवते.

रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या फळ्या ढलप्यांसाठीही वापरू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. थंड मुलखात लाकडावर घर तापवणाऱ्या मराठी कुटुंबांना माझं एवढंच सांगणं आहे: लाकडाचा ट्रक दारात रिकामा झाला म्हणजे तयारी संपली असं समजू नका. ऊन आहे तोवर ढलप्या चिरून, वाळवून, छपराखाली ठेवा आणि पहिली आग लावण्याआधी धुराडं साफ करून घ्या.