खिशातले पाव किलो

लाखावर किमतीचा फोन आधी तागडीत घालून बघावा, असे माझे मत आहे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस २४ अल्ट्रा भरतो २३२ ग्रॅम. म्हणजे सदऱ्याच्या खिशात जवळजवळ पाव किलो वांगी! कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा. चंद्रावरचे डाग दिसतात, तसे माझ्या नाकावरचेही. हा गुण की दोष, ज्याने त्याने ठरवावे. पोटात लेखणी आहे, मेमरी कार्डाला मात्र जागा नाही. खोक्यात चार्जरही नाही. पण २०२४ साली कंपनीने सात वर्षे अपडेटचे वचन दिले. ते ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे २०३१ पर्यंत ना? अहो, मग घ्या की! बीपीच्या गोळीची आठवण करायला तुमच्यामागे घरभर फिरायचं, तर माझे गुडघे आता ऐकत नाहीत."

वजनाचा मुद्दा मी गोळीबरोबर गिळला.