आरंभ कोठून करावा?

ग्वाल्हेरच्या दाना ओलीच्या नावातच धान्य आहे. म्हणून संगणकाच्या आज्ञावलीचा विचार करताना आम्ही धान्याच्या भावांचेच उदाहरण घेतो. समजा, गव्हाचे क्विंटलमागे पाच भाव आले : २४५०, २३८०, २५१०, २४०० व २४७५ रुपये. त्यांतील किमान व कमाल भाव शोधावयाचा आहे. आरंभी दोन्ही खणांत शून्य ठेवले, तर कमाल भाव २५१० हा बरोबर निघतो. किमान मात्र शून्यच राहतो, कारण शून्याहून लहान भाव यादीत नाहीच. म्हणजे दाना ओलीत गहू फुकट! हिमालयातील द्रासची शून्याखालची तापमाने घेतली, तर याच रीतीने कमाल खोटे निघेल.

उपाय सोपा आहे. यादीतील पहिलाच भाव दोन्ही खणांत ठेवावा आणि उरलेला प्रत्येक भाव दोहोंशी ताडून पाहावा. चार भावांच्या आठ तुलना, की उत्तर हाती!

विद्यार्थिमित्रहो, हीच चूक निकालपत्रकात झाली, तर कोणालाही न मिळालेले शून्य वर्गाच्या माथी लागेल. म्हणून यंत्राचे असो वा मनाचे, माप आधी ठरवू नये. समोर जे आहे, त्यापासूनच आरंभ करावा, असे आम्हांस वाटते.