टँकर जातो कुठे?

गेल्या वर्षी बकरी ईदला नरपडच्या आमच्या घरी तीसेक पाहुणे होते आणि नेमका दुपारी संडास तुंबला. संध्याकाळी कसाबसा मैला उपसणारा टँकर मिळाला. ड्रायव्हरने पाईप सोडला, अर्ध्या तासात टाकी रिकामी केली, पैसे घेतले आणि अंधारात गाडी निघून गेली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, सहज विचारलं, "हा हे सगळं ओततो कुठे?" कोणालाच ठाऊक नव्हतं. घर बांधून पंधरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत वाईला गेले. मराठी शिकवते, म्हणून विश्वकोशाचं कार्यालय एकदा पाहायचं होतं आणि भाचीचं सासरही तिथेच. डहाणू रोडहून दादर, पुढे एसटी. सकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो. पायऱ्या, ढोल्या गणपतीचं देऊळ, पाण्यावर धुकं; फार सुंदर जागा. पण थोडं पुढे गेलं की गटारांचं काळं पाणी नदीत उतरताना दिसतं. महाबळेश्वरला उगम पावलेल्या नदीच्या काठचं हे पहिलंच मोठं गाव, आणि इथेच ही सुरुवात.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या दारात टँकर उभा! मी विचारलं, "तुमचीही तुंबली का गं?"

"नाही खाला, आमच्या गल्लीची पाळी आहे."

वाई नगरपालिकेने 2018 मध्ये ही पद्धत सुरू केली. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी पाळीने उपसायची. दारात पैसे द्यायचे नाहीत, खर्च करातून. सेप्टिक टँकमध्ये सगळं जिरून जातं अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. जड मैला तळाशी बसतो, तिथले जंतू त्यातला काही भाग कुजवतात, उरलेला गाळ साचत राहतो. गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि मैला तसाच गटारात किंवा जमिनीत जातो. आपल्याला तुंबल्यावरच कळतं, पण बिघाड कितीतरी आधी झालेला असतो.

जावयांनी हौसेने मैला प्रक्रिया केंद्रही दाखवलं. (पाहुणीला दाखवायला वाईत दुसरं काही नाही का, म्हणून भाची चिडली होती.) क्षमता रोज 70 हजार लिटर. गाळ पाण्यापासून वेगळा करून वाळवतात, मग उष्णतेने त्यातले जंतू मारतात. एवढ्याने कृष्णा स्वच्छ होत नाही. मोरीचं आणि न्हाणीचं पाणी गटारातूनच जातं, त्याला वेगळं केंद्र लागतं. पण तिथे टँकर कुठे जातो हे विचारलं की उत्तर मिळतं.

परतताना गाडीत आमचं डहाणू आठवत होतं. 1991 मध्ये केंद्र सरकारने आपला तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. चिकूच्या वाड्यांसाठी लोकांनी त्या धुराड्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली. आपल्याच परसातल्या टाकीचं झाकण मात्र आम्ही कधी उघडून पाहिलं नाही.

घरी आल्यावर टेप घेऊन विहीर ते टाकी अंतर मोजलं. अठ्ठावीस फूट. निदान साठ फूट हवं, आणि आमची जमीन तर रेताड, पाणी झरझर झिरपतं. याच विहिरीवर आमचा वुजू, याच पाण्यावर स्वयंपाक. पिण्याचं पाणी त्या दिवसापासून उकळतो.

टँकरचा मैला कुठे ओतला जातो आणि डहाणू परिसरासाठी असं केंद्र मागता येईल का, असा अर्ज ग्रामसभेसाठी लिहायला बसले. अम्मी शेजारी तसबीह घेऊन बसल्या होत्या. वाचून दाखवला तर म्हणाल्या, "दुसऱ्यांना विचारतेस ते ठीक. आपले अठ्ठावीस फूटही लिही त्यात."

लिहिले.