पाण्याखालचं शिवार

उजनीच्या पाण्यात मासा कुठं बसतो, हे मला आमच्या बुडालेल्या शिवारानं शिकवलं. भोई मंडळींचं कसब वेगळं, ते जाळ्याचे मालक. मी शेतकरी, गळाचा माणूस. 1980 साली भीमेवरचं हे धरण पुरं झालं तेव्हा मी विशीत होतो. गाव उठून माळावर गेलं. पण वडिलांनी बांधानं हिंडवून दाखवलेलं सगळं डोक्यात तसंच राहिलं. आधी वरचं रान, मग विहीर, तिच्या कडेचा ओढा, ओढ्याच्या बाभळी, खाली मळई आणि शेवटी नदीचं पात्र. माशाला सपाट जागा मानवत नाही. त्याला आडोसा पाहिजे, उतार पाहिजे आणि खोल पाण्यात जायला वाट पाहिजे. आमच्या शिवारात ती वाट म्हणजे ओढा.

उन्हाळ्यात आमचं धरण ‘वजा’त जातं. शहरातल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. सुमारे 117 टीएमसीच्या या धरणात जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा आहे. पाणी त्याच्या खाली उतरलं की टक्के वजात मोजतात. मग पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला येतात. या दिवसांत वरचं पाणी तापतं आणि मोठा मासा जुन्या पात्राच्या डोहात बसतो. उजाडताना तासभर वर येतो, तेवढाच. भर दुपारी गळ टाकून बसलेला माणूस एकतर नवखा, नाहीतर बायकोशी भांडून आलेला.

पावसाळ्याची तऱ्हाच निराळी. आमचा भाग पर्जन्यछायेचा, मृगात ढग नुसते हिंडतात. पाऊस पडतो वर घाटमाथ्याकडं, आणि कोरड्या आभाळाखाली आमचं धरण भरतं. दौंडकडून विसर्ग वाढल्याची बातमी आली की मी काठी काढतो. गढूळ पाणी गाळपेरीच्या रानावर चढतं. भेगांतली गांडुळं, किडे, धसकटं सगळं माशाला आयतं मिळतं. डोहातला मासा तेव्हा गुडघाभर पाण्यात येतो. गांडूळ लावायचं आणि काठालाच टाकायचं. लांब फेकणारा हात हलवत घरी जातो. मात्र अंड्यावरची मासळी लागली तर मी सोडून देतो. शेजारी हसतात. हसू देत.

हिवाळ्यात पाणी निवळ आणि थंड असतं, मासा आळसावतो. घाई नको, दहाचं ऊन पडू द्यावं. बारीक दोरा, कणकेचा वाटाण्याएवढा गोळा आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. मासा ओढत नाही, धांडा नुसता कलतो.

अशाच एका हिवाळ्यात पुण्याचा एक तरुण पाण्याखालचं दाखवणारं यंत्र घेऊन आला. मला होडीत घेतलं. एका जागी पडद्यावर तळ एकदम खाली गेला.

‘‘काका, इथं मोठा खड्डा आहे.’’

‘‘खड्डा नाही बाबा, आमची विहीर आहे ती.’’

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मोट हाकलीय मी तिच्यावर.’’

तिथं गळ सोडला तर हातभर वांब आली. पोरगं साप समजून मागं सरकलं. नंतर त्यानं मोबाईलमध्ये त्या जागेची खूण करून नाव विचारलं. सातबाऱ्यावरचा गटनंबर सांगावा की आजीचं नाव, मला क्षणभर सुचेना. आजीचं सांगितलं. तिनंच ती खोदवून घेतली होती.

आता कटला कमी झालाय. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यानं पाणी हिरवं पडतं. गळाला कधी कधी तो काटेरी सकर लागतो. खायच्या उपयोगाचा नाही आणि जाळी फाडतो. राहिली ती चिलापी. तीही परमुलखातली, आफ्रिकेची, पण इथं नांदली. पाणी कोमट झालं की उथळात नर ताटलीएवढे खळगे करतो. मादी अंडी तोंडात धरून फिरते आणि तोवर काही खात नाही, म्हणून गळाला सहसा लागत नाही. बारीक डोळ्यांच्या जाळ्यात मात्र ती पिलांसकट येते. असली जाळी रात्री लागतात. कुणाची, ते काठावर सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या मार्चात आवर्तन सुटलं आणि दोन दिवसांत पाणी बरंच मागं सरलं. नातू म्हणाला, ‘‘आबा, ह्या ताटल्या कुणी मांडल्यात?’’ चौदा खळगे उघडे पडले होते. दोन-तीनमध्ये पाणी होतं, त्यात नर गोल फिरत होते. पोरानं डबड्यानं उपसून ते आत सोडले. एक तेवढा हातातून निसटून चिखलात गेला, तो काही सापडला नाही.