फुटका खंड

माझ्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असतात: घराच्या किल्ल्या, लोकलचा पास आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. पहिल्या दोन कोणाच्याही पर्समध्ये सापडतील. तिसरी आली ती फसल्यामुळे.

1994 साली मी फोर्टातल्या एका बँकेत होते. डबा पंधरा मिनिटांत संपवायचा आणि उरलेल्या सुटीत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची, हा नेम. एकदा दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात काचेमागे धनेशाचं चित्र दिसलं. ‘दोनशे वर्षांपूर्वीचा तांब्याचा ठसा,’ दुकानदार म्हणाला. पिवळसर कागद, कडेला तांबूस डाग. मी बाराशे रुपये मोजले. तेव्हा ते माझ्या पगारातून चांगलेच जाणवले.

धाकटा भाऊ छापखान्यात कामाला. त्याने काच काढली, भिंग लावलं आणि हसायलाच लागला. ‘ताई, बघ जरा.’ धनेशाच्या चोचीत रांगोळीचे घालतात तसे ओळीने मांडलेले ठिपके होते. ऑफसेटची जाळी! कुठल्याशा कॅलेंडरचं पान चहाच्या पाण्यात बुचकळून म्हातारं केलेलं. ते भिंग त्याने मला तिथल्या तिथे देऊन टाकलं.

मग शिकणं आलं. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती पत्र्याच्या दाबाने चौकोनी खोलगट कड उमटते. दिसली नाही तरी बोटाला कळते. दगडावरून छापलेल्या चित्राला ती नसते. दगडावरची छपाई आपल्याला परकी नाही. गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापलं ते शिळाछापावरच, आणि आजीच्या देव्हाऱ्यातल्या पोथ्याही त्याच जातीच्या. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागाला शाई धरत नाही, तेलकट रेघेला धरते. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एखादा रंग केसभर सरकला, की पक्ष्याच्या पाठीला नको तिथे निळी किनार येते. अशी चुकलेली किनार भिंगाखाली दिसली की मला हायसं वाटतं. म्हणजे माल खरा.

असं पहिलं खरं चित्र मिळालं ते फुटपाथवरच, साडेतीनशे रुपयांना. पखुर्डीची जोडी होती. वाळूच्या रंगाचे, जमिनीला पोट टेकून बसलेले पक्षी. मूळ कुठलं ते कळेना म्हणून हॉर्नबिल हाउसमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ग्रंथालयात गेले. तिथे पान जुळलं: ह्यूम आणि मार्शल यांचा ‘द गेम बर्ड्‌स ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’, तीन खंड, कलकत्ता, 1879 ते 1881. शिकारीच्या पक्ष्यांवरचा ग्रंथ. ह्यूम म्हणजे काँग्रेसचे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचा माणूस. शाळेच्या इतिहासात तो मला भेटला होता, पण पक्ष्यांविना.

ग्रंथालयातला खंड माझ्यापुढे उघडा, शेजारी माझं सुटं पान. तेव्हा प्रथमच मी त्या पानाची डावी कड नीट पाहिली. सरळ, स्वच्छ, ब्लेडने कापलेली. माझ्या घरच्या भिंतीवर तोवर अशी अकरा चित्रं टांगली गेली होती. अकराच्या अकरा पानांची डावी कड तशीच निघाली.

बाजाराचं गणित सरळ आहे. अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक एखादं, सुट्या चित्रांना शंभर. फ्रेमवाले, हॉटेलांची सजावट करणारे, आणि माझ्यासारखे. पुस्तक फोडायचं, चित्रं काढून घ्यायची, मजकूर रद्दीत. या शेवटच्या शब्दाशी ह्यूमचं नातं फार जुनं आहे. भारतातल्या सगळ्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्याने वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. 1880 च्या दशकात एका हिवाळ्यात तो सिमल्याबाहेर असताना घरातल्या नोकराने ती हस्तलिखितं बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. ह्यूमने त्यानंतर पक्ष्यांचा नाद सोडला आणि कातडी, अंडी, घरटी असे ऐंशी हजारांवर नमुने 1885 मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. त्या टिपणांतलं फारच थोडं परत मिळालं. सिमल्याच्या बाजारात कोणत्या वाण्याने त्यांत हळद बांधली असेल, असा विचार मला अजूनही येतो.

2003 साली पुण्यात एक जुना वाडा रिकामा होत होता. ओळखीच्या रद्दीवाल्याचा फोन आला. ‘ताई, इंग्रजी पक्ष्यांचं आहे, पण माल फुटका आहे. या बघायला.’ गेले. ‘गेम बर्ड्‌स’चा पहिला खंड. पुठ्ठा सुटलेला, कण्याला कसर लागलेली, पानांवर दमटपणाचे तांबूस ठिपके. नऊ ठिकाणी चित्रं नव्हती. शिवणीजवळ नखाएवढी पट्टी तेवढी उरली होती. आठशे रुपयांना खंड माझा झाला.

पिशवीतून घरी नेताना वाटेत माझ्या फ्रेमवाल्याकडे थांबले. त्याने पानं उलटली आणि म्हणाला, ‘मॅडम, सेट कशाला ठेवता? आधीच खंडित आहे. सुटी पानं द्या, प्रत्येकी दीड हजार. माळढोकाचे तीन.’ तीसेक चित्रं शिल्लक होती. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पहिला हप्ता त्याच महिन्यात भरायचा होता. हिमालयातल्या मोनालाचं चित्र तसंही एका दोऱ्यावर लोंबत होतं. मी ते ओढून काढलं, त्याच्या हातात दिलं आणि दोन हजार घेतले. ब्लेडही लागलं नाही, अशी मनाची समजूत घातली.

घरी आल्यावर खंड शांतपणे वाचायला घेतला. तोवर मी फक्त चित्रं पाहिली होती. प्रत्येक पक्ष्याच्या नावाखाली देशी नावांची यादी आणि मग देशभरातल्या ओळखीपाळखीच्यांनी कळवलेल्या हकिकती. कोणी कुठे पाहिला, घरटं कसलं, अंडी किती. प्रस्तावनेत तर ह्यूम चित्रांबद्दलच नाराजी नोंदवतो. काही चित्रं त्याच्या मनासारखी उतरली नव्हती. ज्या चित्रांनी लेखकाची निराशा केली त्यांना आज भिंतीवर जागा, आणि ज्या मजकुरासाठी त्याने आयुष्य घातलं तो टोपलीत!

आणि समासात पेन्सिल होती. बारीक, डावीकडे कललेलं देवनागरी अक्षर. माळढोकाच्या पानावर: ‘सोलापूर वाटेवर तीन.’ आज सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर त्यांच्यासाठी अभयारण्य आहे, पण देशभरच्या माळांवर मिळून माळढोक दीडशेही उरलेले नाहीत; त्या माणसाला मात्र वाटेवर सहज तीन दिसले होते. तणमोराच्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह. पखुर्डीचं चित्र कापलेलं, पण समोरच्या मजकुराशेजारी: ‘दहिवडीजवळ तळ्यावर, सकाळी नऊ. थव्याने पाण्याला येतात.’ येतात, खरंच; ऊन चढू लागलं की पखुर्ड्या पाण्यावर उतरतात. मोनालाच्या पानावर दोन ओळी: ‘पाहिला नाही. हिमालयात जाणे.’

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीची वाट न पाहता मी फ्रेमवाल्याकडे गेले. मोनाल सकाळीच गेला होता. ‘कोणी नेला?’ तर म्हणे रोखीचं गिऱ्हाईक, नाव कोण विचारतं.

नंतर कधीतरी ‘होर्तुस मलाबारिकुस’बद्दल वाचलं तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. डच अधिकारी व्हान ऱ्हेडेने मलबारच्या वनस्पतींवर काढलेले बारा खंड, ॲमस्टरडॅम, 1678 ते 1693. तांब्यावर कोरलेली त्यातली झाडं फ्रेमवाल्यांची लाडकी. पण पहिल्या खंडात एक पान असं आहे, ज्यावर रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या तीन कोकणी वैद्यांचं साक्षपत्र नागरी अक्षरांत छापलंय. कोणती वनस्पती कशावर चालते हे सांगणाऱ्यांची ती सही. त्या पानावर झाड नाही, फूल नाही. पुस्तक फोडणाऱ्याच्या हाती ते लागलं तर कुठे जाईल, हे मला सांगायची गरज नाही.

त्यानंतर मी सुटं चित्र विकत घेतलेलं नाही. भिंतीवरची अकरा उतरवली नाहीत. ती उतरवून पुस्तकं काही परत शिवली जाणार नव्हती. खंड मात्र नीट केला. पावसाळा संपेपर्यंत थांबले, मग पानापानातली धूळ मऊ ब्रशने झाडली, फाटक्या कडांना गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद लावला. चिकटपट्टीला हात लावला नाही. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या, आजी पोथ्यांत ठेवायची तशा.

शेवटी एकट्या पखुर्डीची फ्रेम उतरवून उघडली आणि ते साडेतीनशेचं पान खंडात त्याच्या जागी ठेवून पाहिलं. बोटभर आखूड निघालं. कोणीतरी फ्रेमच्या मापाला कातरलेलं. कदाचित हे दुसऱ्याच कुठल्या प्रतीतलं, आणि तसं असेल तर ती प्रतही आता कुठे नसेल. तरी ठेवलं. चिकटवलं नाही, नुसतं पानात सरकवलं, दहिवडीच्या तळ्यासमोर.

मोनालाची जागा रिकामीच आहे. तिथे मी एक कोरा कागद घातलाय. त्यावर पेन्सिलीने लिहिलं: ‘चित्र मी विकले. 2003.’ माझं अक्षर त्या माणसाइतकं बारीक येत नाही.