अंगठ्याचा पन्हा

हातमागावर कापडाचा पन्हा विणकराच्या हातांवरून ठरायचा. खड्डामागावर बसलेला माणूस एका हाताने धोटा सोडणार आणि दुसऱ्या हाताने झेलणार. हात पसरून जेवढं अंतर सहज साधेल, तेवढंच रुंद कापड. त्याहून रुंद हवं असेल तर मागावर दोन माणसं बसवावी लागत. १७३३ मध्ये इंग्लंडात जॉन के याने या कामाला दोरीची जोड दिली. दोरी ओढली की धोटा आपोआप पळू लागला आणि एकटा विणकर आपल्या आवाक्याबाहेरचा पन्हा विणू लागला. माझ्या आजोबांना जॉन के ठाऊक नव्हता, दोरी मात्र ठाऊक होती. कन्हान नदीच्या काठचं आमचं खापा जुनं विणकरांचं गाव. आजी कांड्या भरायची, आजोबा मागावर, आणि आम्ही पोरं मागाच्या खटखटाटातच अभ्यास करायचो. कापड हातात घेतलं की आधी पन्हा पाहायचा, ही सवय मला शाळेत जायच्या आधीच लागली.

त्यामुळेच असेल, मोबाईल हातात आला की मी आधी त्याची रुंदी पाहते. दुकानदार मात्र इंच सांगतो. साडेसहा इंच, पावणेसात इंच. हे इंच स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजलेले असतात. लुगडं कोणी तिरपं मोजून विकत नाही. लांबी वेगळी सांगतात, पन्हा वेगळा. मोबाईलच्या तिरप्या मापात नेमकी रुंदीच लपून जाते. ६.७ इंचांची स्क्रीन जुन्या १६:९ प्रमाणात केली तर ती सुमारे ८३ मिलिमीटर रुंद होईल. आज चालणाऱ्या २०:९ प्रमाणात ती ७० मिलिमीटरच्या आसपास राहते. इंच तेच, पण एक मुठीत येईल आणि दुसरी येणार नाही. कंपन्यांनी स्क्रीन उंच करून रुंदी आवरली, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण उंची वाढली तसा वरचा कोपरा अंगठ्यापासून लांब गेला, आणि बहुतेक ॲपमध्ये मागे जायचं बटण नेमकं त्याच कोपऱ्यात असतं.

मी पाहिलेली पहिली स्क्रीन फोनची नव्हतीच. ती एसटीडी बूथमधल्या मीटरची होती. काळ्या पट्टीवर लाल आकडे पळायचे, एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला रुपये. रात्री दर उतरायचे, म्हणून जेवणं आटोपून आम्ही जायचो आणि तिथे आधीच रांग असायची. आई दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून मावशीशी बोलायची आणि डोळे त्या आकड्यांवर. आधी तब्येत, मग पाऊस, मग मुद्दा. मुद्दा आला की तिचा आवाज घाईला यायचा. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीतल्या सुखराम यांच्याशी बोलले आणि देशात मोबाईल सुरू झाला, हे मी कितीतरी नंतर वाचलं. आमच्या आळीत तेव्हा बूथचा लाल आकडाच खरा होता.

मग बाबांनी नोकिया ११०० घेतला. २००३ साली आलेला हा फोन जगभरात २५ कोटींच्या वर खपला. वजन ८६ ग्रॅम, रुंदी अवघी ४६ मिलिमीटर. त्याच्या टोकाला टॉर्च होती, आणि आमच्याकडे ती फोनपेक्षा जास्त वापरली गेली. भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी वीज गेली आणि मागावर ताण्यातला धागा तुटलेला असला की बाबा डाव्या हाताने खिशातून फोन काढत, न पाहता अंगठ्याने बटण दाबून टॉर्च लावत, फोन दातांत धरत आणि दोन्ही हातांनी धागा सांधत. गाठ बसली की ओठांनीच फोन थोडा वळवून फणीतून धागा नीट गेला का ते बघत. एवढं सगळं होताना त्यांनी स्क्रीनकडे एकदाही पाहिलेलं नसे. बटणांचे उंचवटे अंगठ्याला पाठ होते. हाताला सोयीचा फोन म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही.

पण तेव्हाच्या छोट्या फोनांची आठवण काढताना लोक एक गोष्ट विसरतात. त्या स्क्रीनवर आपली भाषा मावत नव्हती. मराठी अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार. त्याला उंची लागते, ठिपके जास्त लागतात. एसएमएसचा हिशोबही आपल्या विरुद्ध होता: रोमन अक्षरं १६०, देवनागरीत लिहायचं तर ७०. म्हणून आम्ही सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागलो. मी नागपूरला शिकायला गेले तेव्हा घरी असेच निरोप पाठवायचे आणि ते आईला धाकटा भाऊ वाचून दाखवायचा. आई चौथी शिकलेली, मराठी उत्तम वाचणारी. पोथी वाचणारी, पेपर वाचणारी. पण लेकीने लिहिलेलं तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. आज तिच्या मोबाईलवर अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत आणि माझा निरोप ती स्वतः वाचते, कधी दोनदा वाचते, आणि स्वतः बोटाने लिहून उत्तर देते. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना आणि देवनागरीला मोठी स्क्रीन हवीच होती. ते उपकार मी नाकारणार नाही.

स्क्रीन वाढली ती मात्र आपल्या लिपीसाठी नव्हे. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तो साडेतीन इंचांचा, ६१ मिलिमीटर रुंद. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीरपणे सांगितलं होतं की मोठा फोन हाताच्या मुठीत येत नाही, तो कोणी घेणार नाही. पुढच्याच वर्षी सॅमसंगचा ५.३ इंचांचा गॅलक्सी नोट आला, रुंदी ८३ मिलिमीटर, आणि लोकांनी तो घेतला. २०१४ पर्यंत ॲपलनेही साडेपाच इंचांचा फोन काढला. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि फोन पाहायची वस्तू झाला. त्यावर सिनेमा आला, कीर्तन आलं, शेतीचे व्हिडिओ आले. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा माझा मुलगा आणि पुतणी एकाच फोनसमोर डोक्याला डोकं लावून गणिताचा तास बघत. फळ्यावरचा अपूर्णांक दिसला नाही की पुतणी स्क्रीन दोन बोटांनी ताणायची, आणि तेवढ्यात मास्तर पुढच्या उदाहरणावर गेलेले असायचे. त्या वर्षी आमच्या आळीत ज्याने त्याने मोठा फोन घेतला, आणि योग्यच केलं. टीव्ही, शाळा, बँक आणि पेपर अशी सगळी कामं घरातला एकच फोन करत असेल, तर तो मोठाच हवा.

प्रश्न आहे तो हाताचा. घरात टेबलावर किंवा मांडीवर ठेवून पाहिलं तर मोठी स्क्रीन सुखाची. पण आपल्याकडे माणसाचे दोन्ही हात मोकळे असतात कधी? मी नागपूरला अप-डाऊन करते. सकाळच्या एसटीत सावनेरपासून उभंच राहावं लागतं. एक हात वरच्या दांड्याला, खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात फोन. करंगळी खाली टेकू म्हणून, तीन बोटं पाठीमागे आणि अंगठा एकटा काम करतो. वरच्या कोपऱ्यापर्यंत जायचं तर अख्खा फोन तळव्यात सरकवावा लागतो, आणि गाडीने गचका दिला की तो सुटतो. आमच्याच गाडीतल्या कितीतरी बायांच्या फोनच्या काचा अशाच तडकलेल्या आहेत. स्टीव्हन हूबर या अमेरिकी अभ्यासकाने २०१३ मध्ये रस्त्यावर, बसथांब्यांवर, कॅफेंत १,३३३ वेळा लोकांना फोन हाताळताना पाहून नोंदी केल्या. त्यात स्क्रीनला बोट लावून काम करणाऱ्यांपैकी ४९ टक्के एका हाताने फोन वापरत होते. तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा पुष्कळ लहान होते.

सासरी संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची तोडणी जवळ आली की भाऊजी शिडीवर चढून फळांचे फोटो काढतात आणि नागपूरच्या कळमना बाजारातल्या व्यापाऱ्याला पाठवतात. डाव्या हाताने फांदी बाजूला धरायची, उजव्या हातात फोन, आणि फोटोचं बटण अंगठ्याने दाबायचं. फांदीला काटे, बोटांना संत्र्याच्या सालीचं तेल लागलेलं, उन्हात स्क्रीन धड दिसत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पीक लावायलाही शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. शेतकऱ्याचा फोन हा आता विळ्या-खुरप्यासारखं हत्यार झाला आहे, पण हत्याराची मूठ जशी वापरणाऱ्याच्या हातावर बेततात, तसा याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

बायांची गत आणखी वेगळी. बाईचा तळवा सरासरीने पुरुषापेक्षा लहान, आणि फोनचा साचा सगळ्यांना एकच. शिवाय लुगड्याला खिसा नाही. आईचा जुना फोन कमरेला खोचलेला असायचा. वाजला की ती धुण्याच्या दगडापाशीसुद्धा उचलायची. आताचा फोन फडताळात चार्जरला लावलेला असतो आणि वाजून वाजून बंद होतो. माझी जाऊ आशा सेविका आहे. घरोघर फिरून लसीकरणाची, गरोदर बायांची, तापाच्या रुग्णांची माहिती घ्यायची, रजिस्टरात लिहायची आणि मोबाईलमध्येही भरायची. गेल्या पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सूज आली, मनगट वळवलं की कळ जायची. डॉक्टरांनी सांगितलं, अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाला सूज आहे. हा आजार काही मोबाईलने आणलेला नाही. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी त्याचं वर्णन १८९५ मध्येच केलं. कपडे पिळणाऱ्या आणि तान्ह्या बाळाला सतत उचलून घेणाऱ्या बायांना तो होतो, हे जुनंच आहे. माझी जाऊ कपडेही पिळते. पण आधीच दमलेल्या अंगठ्याला दिवसभर ताणायला लावणारी आणखी एक वस्तू तिच्या हातात आली, एवढं तर खरं.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. बहुतेक फोनांत एका हाताने वापरायची सोय दिलेली आहे. खाली बोट ओढलं की सगळी स्क्रीन अंगठ्याजवळ उतरते किंवा लहान होते. जॉन केच्या दोरीशी तिची तुलना करावीशी वाटते, पण करवत नाही. ती दोरी मागाचाच भाग होती, पहिल्या फेकीपासून विणकराच्या हातात. ही सोय सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत दडलेली असते. मी आईच्या, जावेच्या, शेजारणींच्या फोनमध्ये ती सुरू करून दिली. त्यातल्या एकीलाही ती आहे हे माहीत नव्हतं.

लहान फोन खपत नाहीत, असं कंपन्या सांगतात. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंचांचे ‘मिनी’ फोन काढले आणि पुढे थांबवले. लहान फोनात मोठी बॅटरी बसत नाही, चांगल्या कॅमेऱ्याला जागा कमी पडते, या अडचणी खऱ्या आहेत. पण खपाच्या आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. दुकानात काचेवर दोन फोन शेजारी शेजारी उजळून ठेवले की डोळे मोठ्याकडेच जाणार. हाताचं मत महिनाभराने कळतं, तोवर पैसे देऊन झालेले असतात. आणि घरात फोन विकत घेणारा बहुधा पुरुष, वापरणारी चार-पाच माणसं. तेव्हा जो आकडा कंपनीकडे जातो तो डोळ्यांचा असतो.

भारतीय शरीराची मापं मिळत नाहीत असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं या मापांचं अख्खं पुस्तक काढलं. मोबाईल आता आपल्याच देशात मोठ्या संख्येने जुळवले जातात. सत्तर मिलिमीटरच्या आत पन्हा, दिवसभर टिकणारी बॅटरी मिळावी म्हणून अंगाने थोडा जाड, उन्हात दिसणारी स्क्रीन, आणि महत्त्वाची सगळी बटणं खालच्या अर्ध्या भागात. असा फोन काढणं अशक्य मुळीच नाही. मोठे फोन बंद करा असं मी म्हणत नाही. आईसाठी मला मोठाच हवा आहे. ज्याला ज्या मापाचा हवा, त्याला त्या मापाचा मिळावा.

जावेचा फोन मध्यंतरी बिघडला, तेव्हा तिच्याबरोबर मीही सावनेरला गेले. ती दुकानात उभी राहिली, रजिस्टर काखेत धरलं आणि एकेक फोन डाव्या हातात घेऊन अंगठा वरच्या कोपऱ्यात पोचतो का ते पाहू लागली. दुकानदार समजावत होता, “ताई, त्याच भावात मोठा येते, मोठा घ्या नं.” ती म्हणाली, “मले रजिस्टरबी धरा लागते, भाऊ.” मग त्याने खालच्या कप्प्यातून मागच्या वर्षीचा एक अरुंद फोन काढला. कॅमेरा बेताचाच होता. तिने तो हातात घेतला, अंगठा कोपऱ्यात टेकवून पाहिला आणि पैसे मोजायला लागली.